जत्रेचे उरलेले पैसे, झेडपीची शाळा आणि टच पॅनल: घ्यावं का?

पारावरचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा, चूकभूल सांभाळून घ्या. आमचं गाव पारनेर तालुक्यात, झेडपीची चौथीपर्यंतची शाळा, पट २७, शिकवायला एक सर आणि एक मॅडम. मी शाळा व्यवस्थापन समितीत आहे (मुलगी दुसरीत आहे आणि मीटिंगला बोलावलं की जातो, एवढीच पात्रता). यंदा जत्रेचा हिशोब झाल्यावर १ लाख ४० हजार उरले, ते शाळेला द्यायचे असं देवळात बसून ठरलं, तिथपर्यंत सगळं गोडीगुलाबीनं झालं. भांडण त्याच्या पुढं.

मुंबईकर मंडळी म्हणतात ६५ इंची टच पॅनल घ्या, शेजारच्या गावात पंधराव्या वित्त आयोगातून (ग्रामपंचायतीला येणाऱ्या केंद्राच्या पैशातून) बसलंय, आपण काय मागं राहायचं का. त्यांचं अगदीच चुकीचं आहे असंही नाही, कारण आमच्या गावातून रोज सकाळी दोन पिवळ्या गाड्या इंग्लिश मीडियमची १९ पोरं भरून नेतात आणि पट वीसच्या आत गेला की शाळेवर बंद पडायची टांगती तलवार येते हे इथं सगळ्यांना माहीत आहे. कोटेशन आलंय १ लाख १८ हजाराचं, वर एक वर्षाचं 'कंटेंट' फुकट.

सरांना विचारलं तर म्हणाले, पॅनलला माझी ना नाही पण आधी लाईट बिल भरा आणि मला एक प्रिंटर द्या. प्रिंटर! मीटिंगमध्ये लोक हसले. सर काही हसले नाहीत.

तर इथं शिक्षक आहेत, पालक आहेत, त्यांनी जरा खरं खरं सांगा. पॅनलनं पोरांना खरंच काही येतं का, का नुसतं गावाला दाखवायला? आणि प्रिंटरचं काय गौडबंगाल आहे?

बाराखडीवाला

प्रिंटरचं मी सांगतो, कारण तुमच्या सरांच्या जागी मीच असतो तर हेच मागितलं असतं. मी बीड जिल्ह्यात झेडपीला आहे, १४ वर्षं झाली. दोन शिक्षकी शाळा म्हणजे काय हे मीटिंगमध्ये हसणाऱ्यांना माहीत नसतं. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी. मी पहिलीला मुळाक्षरं घेतो तेव्हा दुसरी काय करते? एक तर पाढे लिहिते नाहीतर एकमेकांचे केस ओढते. त्यातही दुसरीतल्या नऊ पोरांपैकी तिघांना हातच्याची वजाबाकी येते, चौघांना बिनहातच्याची येते आणि दोघं अजून संख्याच उलटी लिहितात. या तीन गटांना तीन वेगळे कागद दिले की माझी वीस मिनिटं सुटतात. ते कागद मी आता तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याकडून स्वतःच्या खिशातून काढून आणतो, म्हणून आठवड्यातून एकदाच. शाळेत प्रिंटर असेल तर काल कोणाचं काय अडलं ते बघून आज सकाळी कागद काढता येतो. माझ्यासाठी टेक्नॉलॉजी म्हणजे हे.

पॅनलचं म्हणाल तर पॅनल सगळ्यांना एकच गोष्ट दाखवतं. एकच वर्ग, एकच इयत्ता असेल तर उत्तम. आमच्यासारख्यांकडे ते लावलं की चारही इयत्ता तिकडंच बघत बसतात, मान वर करून, तोंड उघडं. निरीक्षणाला आलेल्यांना फार छान वाटतं.

आणि एक सांगतो, मोबाईलचा मला सगळ्यात उपयोग झाला तो अगदी साधा. पोरगं वाचताना रेकॉर्ड करायचं आणि त्यालाच ऐकवायचं. बस. तिसरीतली एक मुलगी 'सगळीकडे' हा शब्द दरवेळी 'सकळीगडे' वाचायची, मी दहा वेळा सांगून झालं, तिला पटेनाच की आपण चुकतोय. रेकॉर्डिंग ऐकलं आणि स्वतःच खुदकन हसली, 'अय्या, मी असं म्हणते?' परत चुकली नाही. आमच्याकडे दिवाळीच्या आसपास अर्धी शाळा आईबापाबरोबर ऊसतोडीला जाते, त्या पोरांना मी रोज एक व्हॉइस नोट टाकायचो, एक गोष्ट नि दोन तोंडी गणितं. रेंज असेल तेव्हा फडातून उत्तर यायचं, मागं कोयत्याचा नाहीतर ट्रॅक्टरचा आवाज. सगळी नाही द्यायची उत्तरं. चार-पाच जण द्यायचे. पण ते चार-पाच परत आले तेव्हा पुस्तक धरायला बिचकत नव्हते.

अर्थिंग

मी पॅनल, प्रोजेक्टर, इन्व्हर्टर बसवायचं काम करतो, आत्तापर्यंत शाळा पन्नासएक तरी झाल्या असतील. धंद्याच्या विरुद्ध बोलतोय पण बोलतो.

पारावरचा भाऊ, कोटेशनमध्ये या गोष्टी आहेत का ते आधी बघा. अर्थिंग आहे का? नसेल तर चार महिन्यांत पॅनल बोट न लावताच आपोआप क्लिक व्हायला लागतं, मग शाळेतून फोन येतो की भूत लागलंय. स्टॅबिलायझर? गावठाण फीडरला संध्याकाळी व्होल्टेज किती मिळतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. इन्व्हर्टर दिला तर बॅटरीत पाणी कोण घालणार, त्याचं नाव आत्ताच ठरवा, नाहीतर दोन वर्षांत बॅटरी भंगारात. खिडक्यांना जाळी आणि दाराला बरं कुलूप. आणि ते 'एक वर्षाचं कंटेंट फुकट' म्हणजे दुसऱ्या वर्षी लायसन संपलं की स्क्रीनवर रिन्यू करा असं येतं आणि पैसे मागितले की शाळा गप्प. मी स्वतः बसवलेल्या शाळांत निम्म्या ठिकाणी हे झालंय.

प्रोजेक्टर स्वस्त पडतो पण खोलीत अंधार करावा लागतो, दिवा गेला की नवीन दिव्याची किंमत ऐकून लोक घरी जातात. आणि उंदीर. उंदरांना एचडीएमआय केबल का एवढी आवडते देव जाणे.

लाईट बिल किती थकलंय? तेच आधी सांगा.

दोन डब्यांची आई

पिवळ्या गाडीच्या पलीकडून लिहितेय. आम्ही पुण्यात राहतो, दोन्ही मुलं इंग्लिश मीडियमला, शाळेचं नाव घेत नाही. ॲडमिशनच्या वेळी माहितीपत्रकात पहिल्याच पानावर स्मार्ट क्लासरूम होतं आणि खोटं कशाला बोलू, त्याच्यावरच आम्ही भुललो. दोन वर्षांनी धाकट्याला विचारलं की बोर्डवर काय दाखवतात, तर म्हणाला, मिस एक व्हिडिओ लावतात आणि वह्या तपासतात. पोटात शिरणारा घास, जठर, लहान आतडं सगळं रंगीत रंगीत फिरतं, त्याला ते आवडतं पण, मी विचारलं जठरात काय होतं तर म्हणाला बबल्स येतात.

वर शाळेचं ॲप. पूर्वी कॅलेंडरमध्ये गृहपाठ लिहून यायचा, मुलाला तो स्वतः लिहावा लागायचा, त्यानिमित्तानं कान तरी उघडे ठेवायचा. आता सगळं माझ्या फोनवर येतं. रात्री पावणेदहाला नोटिफिकेशन, उद्या थर्माकोलचा सूर्यमालेचा प्रोजेक्ट. म्हणजे शिकणं मुलाचं आणि गृहपाठ आईचा असं झालंय. तुमच्या सरांनी प्रिंटर मागितला ना, त्या माणसाला सांभाळा हो.

जुना रूळ

निवृत्त मुख्याध्यापक आहे, सोलापूर जिल्हा. तुम्हा मंडळींना वाटतं हे सगळं आत्ताचं आहे. अहो, पुण्यात बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली, शाळेच्या पोरांसाठी टीव्हीवरचे कार्यक्रम करायला, आणि कार्यक्रम चांगले असायचे. त्यानिमित्तानं आमच्या शाळेला टीव्ही आला. तो 'डेड स्टॉक रजिस्टर'ला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढला आणि तिथंच त्याचा घात झाला. कारण बिघडला तर भरून कोण देणार? चार्ज ज्याच्याकडे तो. मग तो टीव्ही लोखंडी कपाटात, वर बाईंनी क्रोशानं विणलेलं झाकण, चावी शिपायाकडे आणि शिपाई रजेवर. १९९६च्या वर्ल्डकपला मात्र तो बाहेर निघाला, तेव्हा चार्ज कोणाकडे हे कोणी विचारलं नाही. पुढं २००४ साली शिक्षणासाठी म्हणून एज्युसॅट उपग्रह आकाशात गेला, त्याचीही भाषणं आम्ही ऐकली. बालचित्रवाणी २०१७ ला बंद पडली, मला वाईट वाटलं.

माझं म्हणणं एवढंच, वस्तू कोणतीही घ्या, पण 'पोरांच्या हातून मोडली तर सरांना जबाबदार धरणार नाही' असा ठराव समितीनं आधी लिहून द्यावा. तारखेसकट. नाहीतर दीड वर्षानं तुम्हाला त्या पॅनलवर झाकण दिसेल.

आणि आमच्याच जिल्ह्यातलं परितेवाडी सगळ्यांना माहीत आहे, रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. लोकांच्या लक्षात क्यूआर कोड राहिला. पण तिथल्या पोरांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकं दुसऱ्या भाषेतली हे त्यांना आधी दिसलं, ते स्वतः कन्नड शिकले, मजकूर पोरांच्या भाषेत आणला आणि मग त्यात क्यूआर कोड घातले. आता बालभारतीच्या पुस्तकात ठिकठिकाणी तो चौकोन असतो, सरकारच्या दीक्षा ॲपवर उघडतो. तुमच्या गावातल्या किती पालकांनी तो एकदा तरी स्कॅन केलाय, विचारून बघा.

पारावरचा

@जुना रूळ, गुरुजी, विचारून बघायची गरज नाही, मीच केला नव्हता. मला वाटायचं ते किंमतीचं असतं बिस्किटाच्या पुड्यासारखं. काल रात्री केला, मुलीच्या पुस्तकातला, मुलगी म्हणे पप्पा हे सरांनी वर्गात कधीच दाखवलंय.

@अर्थिंग, बिल ११ हजाराच्या आसपास थकलंय आणि मीटर दोन महिन्यांपूर्वीच काढून नेलंय. हे मला परवा कळलं. म्हणजे आम्ही ज्या शाळेला पॅनल बसवायला निघालोय तिथं लाईटच नाही, आणि हे मीटिंगमध्ये कोणी बोललंच नाही, सर 'लाईट बिल भरा' म्हणाले ते आम्हाला म्हण वाटली बहुतेक.

माणदेशी मॅडम

सगळे पॅनलच्या विरोधात दिसताय म्हणून मी दुसरी बाजू लिहिते. आमच्या शाळेला तीन वर्षांपूर्वी लोकवर्गणीतून पॅनल मिळालं, मी रोज वापरते आणि मला ते कोणी परत मागितलं तर मी भांडीन. माण तालुक्यातली पोरं, समुद्र पाहिलेला नाही, रेल्वे पाहिलेली नाही. पुस्तकात भरती-ओहोटी वाचून काय कळणार?

एक दिवस आठवतोय तो सांगते. परिसर अभ्यासात नकाशा चालू होता, मी उपग्रहाचा नकाशा उघडला, आधी आपली शाळा शोधली, पत्र्याचं छप्पर आणि लिंबाचं झाड दिसल्यावर जो गोंधळ झाला तो झालाच. मग चौथीतला एक मुलगा म्हणाला मॅडम कळंबोली दाखवा, माझे पप्पा तिथं हमाली करतात. रस्ता धरून धरून आम्ही निघालो, म्हसवड, मग फलटण, मग पुणे, मग घाट, पोरं ओरडून सांगायची आता डावीकडं. कळंबोलीला पोचलो, लांबच लांब गोदामं, ट्रकच्या रांगा. तो उठून पॅनलजवळ गेला आणि एका छपरावर बोट ठेवून उभा राहिला. तेच होतं का कोण जाणे. त्यानंतर त्याला प्रमाण, दिशा, किलोमीटर काही शिकवावं लागलं नाही, घरून पप्पांपर्यंत किती अंतर आणि किती तास हे त्यानंच काढून आणलं. हे मी फळ्यावर कसं केलं असतं?

पण तयार कंटेंट मी पहिल्या महिन्यातच बंद केलं, ते शहरी पोरांचं आहे, त्यातली आई ओव्हनमध्ये केक करते. पट २२ वरून ३१ झाला. पॅनलमुळे झाला का आमच्या दोघींमुळे ते मला नाही सांगता येणार, गाव म्हणतं पॅनलमुळे. म्हणू दे.

आणि आमचं ऑनलाइन काम वाढलंय त्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? यू-डायस (शाळेची सरकारी माहिती), आधारची पडताळणी, अपार आयडी (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक), पोषण आहाराची रोजची माहिती, वर कसल्या कसल्या लिंक 'आजच भरा'. एका मुलाचं आधारवरचं नाव आणि जन्मदाखल्यावरचं नाव एका वेलांटीनं जुळत नव्हतं, त्यात माझे तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत तो मुलगा बाहेर ओट्यावर खेळत होता.

बाराखडीवाला

मॅडम, वेलांटीला दंडवत 🙏 आमच्याकडे एकाचा काना होता.

कळंबोलीचं वाचून मी माझं वाक्य अर्धं मागं घेतो. चारही इयत्ता तिकडं बघत होत्या पण बोलत होत्या की.

नववी ब

मी हायस्कूलला मराठी शिकवतो, आमचा प्रॉब्लेम तुमच्या पुढचा आहे. पोरांच्या हातात पॅनल नाही, मोबाईल आहे, आणि मोबाईलमध्ये आता एआय आहे. 'आमच्या गावची जत्रा' असा निबंध दिला होता. चाळीसपैकी अकरा निबंधांची सुरुवात एकच, 'जत्रा म्हणजे आपल्या समृद्ध संस्कृतीचे प्रतिबिंब होय'. बरं, शुद्धलेखन इतकं चोख की मलाच न्यूनगंड आला. एकानं लिहिलं होतं, 'मुले फेरीस चाकात बसून आनंद लुटत होती.' त्याला बोलावलं.

"फेरीस चाक काय रे?"

"सर, ते गोल फिरतं ते."

"त्याला तू काय म्हणतोस?"

"पाळणा."

"मग पाळणा का नाही लिहिलास?"

"सर, मला वाटलं शुद्ध भाषेत असं म्हणत असतील."

मी रागावणार होतो, राहिलं. आता मी निबंध घरी देतच नाही, वर्गात लिहून घेतो, आणि अट घालतो की तुम्ही स्वतः पाहिलेली एक तरी वस्तू पाहिजे जी दुसऱ्या कोणाच्या निबंधात नसेल. त्याच मुलानं परवा लिहिलं की जत्रेत त्याच्या आजीची चप्पल हरवली आणि ती दुसरीच कोणाची तरी घालून आली, डावी मोठी उजवी लहान. चुका भरपूर. मी दहापैकी आठ दिले.

आकडे हवे असतील तर 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचा २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८०% हून जास्त मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो, आणि त्यांतल्या ५७% नी आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काहीतरी केलं होतं तर ७६% नी सोशल मीडिया. माझ्या वर्गात दुसरा आकडा याहून मोठा असेल, पैज लावतो.

कडेगावकर

आमच्याकडे सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. भोंग्याला लायसन लागत नाही आणि बॅटरीत पाणी घालावं लागत नाही. विचार करा.

दोन डब्यांची आई

आमच्या सोसायटीत असा भोंगा लावला तर पहिले पालकच मोबाईल घेऊन कमिटीच्या ग्रुपवर भांडायला येतील. मी पण त्यातच असेन 😅

पारावरचा

कालच मीटिंग झाली, म्हटलं तुम्हाला सांगावं, एवढं लिहिलंत सगळ्यांनी. मीटिंगच्या आधी सरांना विचारून मी एक दिवस मुलीच्या वर्गात मागं बसलो. खोलीत लाईट नाही, पंखा नाही, सर स्वतःचा मोबाईल खिडकीच्या कट्ट्यावर डब्याला टेकवून ठेवतात आणि पोरं चारचारच्या गटानं येऊन बघतात. मांजराची गोष्ट होती. चार पोरं बघत होती तोवर बाकीची जमिनीवर खडूनं चौकटी आखून बेरजा करत होती. मधेच सरांना कसल्या तरी लिंकचा फोन आला, ते बाहेर गेले, गोष्ट तशीच चालू राहिली, संपली, आणि खाली दुसरीच कसली तरी जाहिरात सुरू झाली. माझ्या पोरीनं उठून ती बंद केली. पटकन. तिला कसं येतं कोणास ठाऊक.

मीटिंगमध्ये मी ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, हसायला कोणी नव्हतं. ठरलं असं: थकलेलं बिल भरायचं, मीटर परत आणायचं, वायरिंग आणि अर्थिंग नीट करून घ्यायचं, जाळ्या, शाईच्या टाकीवाला प्रिंटर, वर्षभराचे कागद. गुरुजींनी सांगितलेला ठराव पण लिहिला, तारखेसकट, माझीच सही पहिली. उरतील ते पैसे बँकेत, पॅनल पुढच्या जत्रेला, आणि ते घ्यायच्या आधी आमच्या मॅडमना माणदेशी मॅडमची शाळा बघायला पाठवायचं, चालेल ना मॅडम? कोणत्या एसटीनं यायचं तेवढं सांगून ठेवा.

मुंबईकर जरा रुसलेत. त्यातले एक काका शेवटी उठून म्हणाले, सगळं खरं, पण पॅनलवर खाली पट्टी लावून मंडळाचं नाव टाकता येतं, प्रिंटरवर नाव कुठं टाकायचं?

अर्थिंग

झाकणावर टाका, मोठी जागा असते. फक्त कागद अडकला की पोरं तेच झाकण उघडणार, तेव्हा नाव उलटं दिसेल असं सांगून ठेवा काकांना. आणि प्रिंटरची केबल जमिनीवरून नेऊ नका, उंदीर.